मोड, पेज, विरजण

नाशिकला द्वारकेच्या चौकात दोन रस्त्यांचे आवाज वेगळे ऐकू येतात. डोक्यावरच्या उड्डाणपुलावरून मुंबई-आग्रा महामार्गाचे ट्रक धडधडत जातात. खाली पुणे रस्ता सुरू होतो, तिथे रिक्षावाले ‘नाशिकरोड, बिटको, नाशिकरोड’ असा पुकारा करत एकेक सीट भरत असतात. मी काठे गल्लीत राहते. भाजीला, बँकेत, लेकीच्या शाळेला, सासऱ्यांच्या औषधाला तीस वर्षं हाच चौक ओलांडला. एवढ्या काळात आजूबाजूच्या परमिट रूमच्या पाट्या पाठ झाल्या. आत मात्र मी एकदाच गेले.

श्रावणात संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय ‘मुरलेलं’. लोणच्यावर कोण लिहितंय, नात्यांवर कोण, हे सांगून झालं आणि म्हणाले, “तुम्ही नाशिकच्या. वाइन तुमच्याकडे.” मी म्हटलं, वाइनवर पुष्कळ लिहून झालंय, मी बिअरवर लिहिते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “लिहा. पण बघून लिहा.”

बघून लिहायचं तर जिथे बिअर शिजते तिथे जायला हवं. मोठे कारखाने कंपाउंडच्या आत असतात, तिथे बाटली भरताना दिसते, बिअर होताना दिसत नाही. ब्रूपबमध्ये दिसते. ज्या छपराखाली धान्य शिजवलं, आंबवलं, मुरवलं, त्याच छपराखाली ती बिअर ग्लासात ओतायची, सोबत जेवण द्यायचं, असा हा प्रकार. बाटली नाही, गाळून निर्जंतुक करणं नाही, टाकीतून थेट नळाला. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यात झाली, आणि पुण्याचा रस्ता माझ्या घराजवळ सुरू होतो. शिवाय त्या पहिल्या ब्रूपबचं नाव द्वारकेपासून तासाभराच्या आतल्या एका गावावरून घेतलेलं. हे कळल्यावर मला राहवेना.

देवळालीचा ताप

ते गाव देवळाली. १८६१ मध्ये इंग्रजांनी तिथे लष्करी तळ उभारला. विलायतेहून आलेली पलटण मुंबईला उतरून आधी इथे यायची आणि नोकरीची मुदत संपलेले सैनिक परतीच्या बोटीची वाट पाहत इथेच थांबायचे. सैनिकांच्या बोटी हिवाळ्यापासून मार्चपर्यंतच सुटत. ज्याची मुदत मार्च उलटल्यावर संपली, त्याला पुढच्या हिवाळ्यापर्यंत मुक्काम. हाताला काम नाही, डोक्यावर वैशाखाचं ऊन, मग पाऊस, आणि घर समुद्रापलीकडे. माणसं पिऊ लागत, भांडत, काहींची डोकी फिरत. अशा माणसाला सोबतचे सैनिक म्हणत, ह्याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. डूलॅली म्हणजे देवळाली, टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि ‘डूलॅली’ हा एकटाच शब्द वेडसर या अर्थाने इंग्रजीत राहिला. आजच्या इंग्रजी शब्दकोशातही तो सापडतो.

२००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी पुण्यात कोरिंथियन्स क्लबच्या आवारात मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हा तिला हेच नाव दिलं. बिअर घडवायला जर्मन ब्रूमास्टर आणला. पुढे २०१४ च्या सुमारास इंडिपेंडन्स, एफिंगट अशी नावं पुण्यात आली आणि कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर या पट्ट्यात ताज्या बिअरचा एक गावच वसला.

देवळाली कॅम्पला माझी मावशी राहायची. सुट्टीत आम्ही लॅम रोडवर फिरायला जायचो, तोफखान्याच्या सरावाचे आवाज दुपारी खिडक्या हलवायचे. त्या शांत, झाडांच्या रस्त्यांवर कधीकाळी हजारो परकी पोरं घरच्या आठवणीने झुरत होती, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. बिअरच्या नावामागे लागले नसते तर मला ते आजही कळलं नसतं.

‘बसणं’ आणि पडदा

पुण्याला निघण्याआधी चौकातल्या परमिट रूमबद्दल लिहायला हवं, कारण ब्रूपबने काय बदललं ते त्याशिवाय कळणार नाही.

मराठीत दारू पिण्याला ‘बसणं’ म्हणतात. ‘संध्याकाळी बसायचं का?’ एवढ्यावर सगळं कळतं. आणि बसतात ते पुरुष. परमिट रूमच्या दाराला पडदा किंवा काळी काच, आत मंद दिवे. बाई आत जाणार असेल तर तिच्यासाठी पाटी वेगळी, ‘फॅमिली रूम’. नणंदेच्या यजमानांना जेवायला न्यायचं होतं म्हणून आम्ही एकदा गेलो ती याच खोलीत. प्लायवूडच्या भिंती, खिडकी नाही, वेटरला बोलवायला बटण. कोंबडीचं सुकं इतकं चांगलं होतं की त्याची चव आजही लक्षात आहे. पण त्या खोलीत बसून मला सारखं वाटत होतं, आपल्याला लपवून ठेवलंय.

परमिट हा शब्द आला १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून. तो कायदा नाव बदलून आजही लागू आहे. त्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना हवा आणि एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. म्हणजे कायद्याच्या लेखी पिणं हा मुळात गुन्हा आणि परवाना ही सूट. दाराचा पडदा त्याच काळाचा आहे.

द्वारकेने या धंद्याचा आणखी एक फटका पाहिला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. आमच्या चौकात तर दोन महामार्ग येऊन मिळतात. कुठूनही ५०० मीटर मोजले तरी माप महामार्गावरच. शटर खाली आली. चखण्याचे गाडे, अंड्याची गाडी, पानटपरी, सगळ्यांचा संध्याकाळचा धंदा बसला. त्याच वर्षी जुलैत न्यायालयाने खुलासा केला की पालिकेच्या हद्दीतल्या परवानाधारकांना हा आदेश लागू नाही, आणि हळूहळू दिवे पुन्हा लागले. दारूवर किती जणांचं पोट आहे आणि दारूने किती घरं बुडाली, हे दोन्ही प्रश्न त्या चार-पाच महिन्यांत आमच्या गल्लीत रोज ऐकू यायचे. दोन्ही खरे आहेत.

गव्हाच्या चिकाचा वास

पुण्याची बस पकडली. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा. नारायणगाव आलं की शामराव चौगुले आठवतात. त्यांनी १९८० च्या दशकात इथे शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन केली आणि परदेशी पाठवली, नाशिकला ‘सुला’ची पहिली बाटली २००० मध्ये निघाली त्याच्या कितीतरी आधी. चाकणनंतर गर्दी. द्वारकेला सुरू झालेला हा रस्ता पुण्याच्या वेशीवर जिथे संपतो त्या चौकाचं नाव नाशिक फाटा.

मी ज्या ब्रूपबमध्ये गेले तिचं नाव लिहीत नाही. त्यांनी मला आत येऊ दिलं, सगळं दाखवलं, आणि लेखाची जाहिरात होऊ नये असं आम्हा दोघांनाही वाटलं. मुंढव्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. पुण्यात नोकरी करणारी माझी भाची सोबत होती. सकाळचे आठ. रात्री जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आणि फरशी ओली. काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या टाक्या रांगेत उभ्या. ब्रूअर तिशीतला, निफाडकडचा, घरी द्राक्षबाग. गमबूट घालून पाइप धूत होता. म्हणाला, “काकू, आधी बूट बदला. खाली कॉस्टिक आहे. आमचा निम्म्याहून जास्त दिवस भांडी घासण्यात जातो.”

त्याने माझ्या तळहातावर चार दाणे ठेवले. चावले तर कुरकुरीत, गोडसर. जव. पण शेतातून आलेला जव असा लागत नाही. “मोड आणून वाळवलाय,” तो म्हणाला. “हाच माल्ट.”

मी म्हटलं, “अरे, हे तर सत्त्व!”

आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. बाळ सहा महिन्यांचं झालं की आजी नागली भिजत घालते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, जराशी भाजून दळते. त्याची पेज पातळ होते आणि साखर न घालता गोड लागते. का, तर दाण्याला मोड येताना त्याच्यात पाचक रस तयार होतात. अंकुराला वाढायला साखर हवी असते, म्हणून हे रस दाण्यातला स्टार्च तोडू लागतात. आजी तो दाणा वाळवून ती क्रिया मधेच थांबवते. जर्मनीतला माल्ट करणारा तेच करतो, फक्त टनांनी आणि जवावर. हॉर्लिक्स हेही मोड आलेला जव आणि गहू यांचंच. आपण पिढ्यान्‌पिढ्या घरात माल्ट करत आलो, त्याला माल्ट म्हटलं नाही एवढंच.

पुढचं काम पेज करायचं. दोन रुळांच्या गिरणीत दाणा नुसता फोडतात, पीठ करत नाहीत. टरफल अखंड राहायला हवं, ते पुढे लागतं. ५०० लिटरच्या एका घाण्याला शंभरेक किलो माल्ट. त्या दिवशी गव्हाची बिअर होती, म्हणून निम्म्याहून अधिक गव्हाचा माल्ट आणि बाकी जवाचा. साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तो पडला आणि खोलीभर वास सुटला. मला तो वास ओळखीचा होता. उन्हाळ्यात कुरडया करताना तीन दिवस भिजलेला गव्हाचा चीक पातेल्यात शिजतो, अगदी तो वास. भाचीला कुरडयांचं काम आठवत नाही, तिला त्यात बिस्किटाचा कारखाना आठवला. मी दोनदा झाकणाजवळ जाऊन श्वास घेतला.

तापमानाला इथे फार किंमत. दोन-तीन अंश खाली ठेवलं तर साखर अशी निघते की ती पुढे सगळी आंबते आणि बिअर हलकी, कोरडी होते. दोन-तीन अंश वर नेलं तर न आंबणारी साखर जास्त राहते आणि बिअर अंगाने भरते. ब्रूअर बोलताना नजर काट्यावरून हलवत नव्हता. तासाभराने खालचा नळ उघडला. टाकीच्या तळाशी टरफलांचा थर बसलेला असतो, तोच गाळणीचं काम करतो. त्यातून मधाच्या रंगाचा रस उतरू लागला. त्याला वॉर्ट म्हणतात. कपभर दिला. गोड मिट्ट, गरम, धान्याच्या पेजेसारखा. त्यात दारूचा थेंब नाही. लहान मुलाला देता येईल असा तो रस मी शेवटपर्यंत प्यायले.

टाकीत उरतो चोथा, शंभर किलोहून जास्त, ओला, वाफाळणारा. हडपसरपलीकडचा एक गोठेवाला तो घेऊन जातो. दूध देणाऱ्या जनावरांना त्यातली प्रथिनं मानवतात. पिंपं भरून टेम्पो निघाला तेव्हा सकाळचे अकरा झाले होते.

रस तासभर उकळतो. त्यात हॉप्स पडतात, म्हणजे एका वेलीची फुलं, हल्ली दाबून केलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात. सुरुवातीला टाकले तर कडूपणा उतरतो, शेवटी टाकले तर वास. मुठीत चुरडले, हाताला कडुलिंब आणि संत्र्याची साल यांच्या मधला वास दुपारपर्यंत राहिला. युरोपात आधी बिअरमध्ये नाना पाले-मसाले पडत. १५१६ मध्ये बव्हेरियात कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच. त्यात यीस्टचं नाव नाही, कारण यीस्ट नावाचं काही असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. मागच्या घाण्याचा गाळ पुढच्यात टाकला की बिअर होते, एवढं ठाऊक होतं.

म्हणजे विरजण. ब्रूअरने थंड खोलीतून स्टीलचा डबा काढला. आत दाटसर, ताकाच्या साक्यासारखं काहीतरी. मागच्या गव्हाच्या बिअरच्या तळाचं यीस्ट. रस वीसेक अंशांवर आणून तो डबा टाकीत रिकामा केला. एकाच यीस्टच्या सहा-सात पिढ्या तो चालवतो. पुढे त्याचा गुण बदलतो, मग नवं आणायचं. “पिढ्या” हा त्याचाच शब्द. माझ्या सासूबाई गावाला जाताना शेजारी विरजणाची वाटी ठेवून जात आणि परत आल्यावर आमचंच दही आम्हाला परत मिळे. त्या टाकीशी मला ती वाटी आठवली.

शेजारच्या टाकीतून एक नळी पाण्याच्या बादलीत सोडली होती आणि बादली सारखी बुडबुडत होती. तिसऱ्या दिवसाचा घाणा. यीस्ट साखर खातंय, दारू आणि वायू सोडतंय. पाच-सहा दिवसांत हा जोर ओसरतो, मग टाकी शून्याच्या जवळ थंड करतात आणि बिअर मुरते. गव्हाची बिअर तिसऱ्या आठवड्यात नळाला लागते. लागरला जास्त दिवस लागतात, ती मुळात थंडच आंबवतात, म्हणून छोट्या जागेत ती महाग पडते. टाकी अडून राहते.

टेबलावर

संध्याकाळी ग्राहक म्हणून गेलो. दारावर भाचीचं ओळखपत्र पाहिलं. ती सव्वीस वर्षांची, तरी पाहिलं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, बाकी दारूला २५. मे २०२४ मध्ये इथून जवळच कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो पबमध्ये होता, असं पोलिसांचं म्हणणं. दारावरच्या तपासणीमागे ती दोन मुलं आहेत. ती तपासणी कडकच राहायला हवी.

आत पडदा नाही. मोठ्या खिडक्या, लांब टेबलं. एका टेबलावर ऑफिसातल्या पाच मुली, एकीकडे आजी-आजोबांसह जेवायला आलेलं कुटुंब, आजोबांपुढे लिंबू सोडा. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी छप्पन्न वर्षांची, सुती साडीत, ग्लास हातात धरून बसले आणि वेटरने मला विचारलं ते एवढंच, “काकू, सोबत काय आणू?” फॅमिली रूमच्या त्या बटणानंतर इतक्या वर्षांनी मला हा प्रश्न उजेडात बसून ऐकायला मिळाला. मला भरून आलं.

चव घ्यायला लहान ग्लासांचा ट्रे मिळतो. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. भाचीला वाटायचं इसेन्स घालतात. तसं काही नाही, हे दोन्ही वास त्या विशिष्ट यीस्टचे. फेस दाट, रंग गढूळ, कारण गाळलेली नाही. सोबत बोंबील फ्राय मागवला. तळलेल्या रव्याचा तेलकटपणा बिअरच्या बुडबुड्यांनी जिभेवरून निघून जातो आणि दुसरा घास पहिल्यासारखाच लागतो. खर्डा चिकन मात्र कडू आयपीएसोबत खाऊ नका. हॉप्सचा कडूपणा मिरचीला आणखी चढवतो, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाला गव्हाची बिअरच बरी. काळी स्टाउट प्यायले तेव्हा तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा आठवला. तेही बरोबरच, ती चव करपवलेल्या माल्टचीच असते.

मेन्यूत पिझ्झा, नाचोज, विंग्ज यांचीच पानं जास्त. मला हे खटकलं. परमिट रूमच्या आचाऱ्याचा कोंबडीचं सुकं, मसाला पापड, शेंगदाण्याची कोशिंबीर, अंडा बुर्जी यांत हात बसलेला असतो, आणि बिअरला लागतं तेच, खारट, तिखट, कुरकुरीत. आपल्या चिवड्याने, चकलीने, भाजलेल्या कणसाने या टेबलांवर हक्काने यावं. गोव्यात पाव माडाच्या सुरेने फुगवायचे. दारू आणि भाकरी एका घरातल्या आहेत हे आपल्या किनाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं.

आम्ही रिक्षाने घरी गेलो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा. दोन ग्लासांतही माणूस तिच्यापलीकडे जाऊ शकतो. गाडी घरी ठेवूनच निघायचं.

पाणी कुणाचं

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि धुण्या-थंड करण्याला वेगळं लागतं. मोठा कारखाना लिटरभर बिअरला साधारण चार-पाच लिटर वापरतो, छोटी जागा त्याहून जास्त. पुण्यातले ब्रूअर पाणी आधी आरओने कोरं करतात आणि मग हव्या त्या बिअरसाठी त्यात जिप्समसारखे क्षार मोजून घालतात. कडू बिअरला कठीण पाणी मानवतं, फिकट लागरला मऊ.

नाशिककराला पाण्याची ही गोष्ट इथे थांबवता येत नाही. महाराष्ट्रातली बरीचशी बाटलीतली बिअर आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या कारखान्यांत होते. त्यांचं पाणी जायकवाडीचं. जायकवाडीत पाणी येतं गोदावरीतून, म्हणजे आमच्या गंगापूर-दारणेच्या धरणांतून सुटलेलंही. पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचे खटले चालले, मोर्चे निघाले. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या संभाजीनगरच्या खंडपीठाने मद्यकारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग ६० टक्क्यांनी कापलं. लातूरला तेव्हा रेल्वेने पाणी जात होतं. माझ्या हातातल्या बाटलीत रामकुंडावरून वाहून गेलेलं पाणी असू शकतं, हा विचार त्या उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. ५०० लिटरचा घाणा घालणारी जागा कारखान्यापुढे काहीच नाही. तरी तिने किती पाणी घेतलं आणि किती परत वापरलं, हे भिंतीवर लिहावं. टाकी काचेतून दाखवता तसा पाण्याचा मीटरही दाखवा.

नागलीची पिशवी

निघताना मी ब्रूअरला एक पिशवी दिली. पेठ तालुक्यातली नागली, मोड आणून वाळवलेली, दोन किलो. घरून नेली होती. त्याने मूठभर हुंगली, चावली. “वास छान आहे काकू. पण हिला टरफल नाही.”

अडचण खरी आहे. जवाचं टरफल गाळणीचं काम करतं, नागलीला ते नाही, म्हणून टाकीत लगदा बसतो आणि रस उतरत नाही. शिवाय तिचा स्टार्च जवापेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, त्यामुळे तापमानाचं सगळं गणित बदलतं. पण उपायही त्याच्याच तोंडून आले. तांदळाचं तूस मिसळायचं. ते इगतपुरीच्या भातगिरण्यांत ढिगाने पडलेलं असतं. नागली आधी वेगळी शिजवायची. सुरुवातीला पाचातला एक हिस्सा नागली, बाकी जव.

आज या ब्रूपबमधला बहुतेक चांगला माल्ट जर्मनी-बेल्जियमहून येतो, हॉप्स अमेरिका-जर्मनीहून. आपल्याकडे हॉप्स हिमाचलच्या लाहौलमध्ये थोडे पिकतात. जव पिकतो राजस्थानात, त्यातला बराच मोठ्या कारखान्यांकडे जातो. म्हणजे ‘स्थानिक ताजी बिअर’ म्हणतो तिच्यात स्थानिक बहुधा पाणी आणि माणूस. नायजेरियाने १९८८ मध्ये परदेशी माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या कारखान्यांना ज्वारीची लागर करणं भाग पडलं आणि ती जमली. आफ्रिकेत ज्वारीची बिअर गावोगाव होती, नेपाळ-सिक्कीमकडे नागलीचं तोंगबा आजही बांबूच्या भांड्यात पितात. आपल्या पेठ-सुरगाण्यात मोहाची रीत आहे. धान्य आणि फूल आंबवायला आपण कुणाकडून शिकलो नाही.

पाऊल पडायला लागलंय. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट’ने कोकमाची बिअर केली. नाशिकमध्ये डॉ. योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी ‘सेराना’ नावाने मीड सुरू केलं, मध आंबवून, त्यात कधी नाशिकचीच वाइनची द्राक्षं, कधी जांभूळ. सेराना हे आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातलं. द्राक्षाने नाशिकला काय दिलं ते आम्ही पाहिलंय. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने कर माफ केला, २००५ मध्ये ‘सुला’ने चाखायची खोली उघडली आणि ज्या गावात वाइन म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं तिथे लोक ग्लास दांड्याने धरायला शिकले. पण द्राक्ष बागायतदाराचं पीक. नागली पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या उतारावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, लाडू वाटले गेले. त्या शेतकऱ्याला नियमित गिऱ्हाईक हवं आहे. ५०० लिटरच्या घाण्यात वीस किलो नागली गेली तरी महिन्याला चार घाण्यांचं एक पोतं होतं, आणि ते ठरलेल्या भावाने ठरलेल्या दिवशी उचललं जाईल.

ब्रूअरने पिशवीवर तारीख घातली आणि थंड खोलीत फळीवर ठेवली. म्हणाला, पावसाळ्यानंतर एक छोटा घाणा घालून पाहतो.

नाशिकमध्ये ब्रूपब चालवणाऱ्यांना आणि पुढे काढू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे. एक नळ नागलीच्या बिअरला ठेवा, तिच्यावर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, जिथून धान्य घेतलं त्या गावाचं नाव लिहा, सोबत नागलीचा पापड भाजून द्या, आणि दाराला पडदा लावू नका. ज्यांच्याकडे दारू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी तो गोड वॉर्ट कपात ठेवा. नागली कुठे मिळते हे विचारायला कुणी द्वारकेला आलं तर पेठची माणसं कुठल्या बाजारदिवशी येतात ते मी सांगेन.